आचार्य जिगोरो कानो

बलाढ्य पुरुषांच्या कथा मुलांना नेहमींच आवडतात. भीमाची गदा, मारुतीचें उड्डाण, तालमींतील नामांकित मल्लांच्या कुस्त्या यांचीं वर्णनें ऐकतांना लहानथोर सर्वच रंगून जातात. परंतु ज्या पुरुषाचें चरित्र आज आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों, तो या जातीचा बलाढ्य नव्हता. विद्यार्थिदशेंत त्याची उंची सुमारें ५ फूट २ इंच व वजन सुमारें ९० पौंड होतें. म्हणजे आपल्याकडे ज्याला काडीपहिलवान म्हणून चिडवितात, त्यांतलाच तो एक होता. असें असूनही ज्युदो या विद्येचा तो जनक झाला, आणि आज जगांतील बहुतेक सर्व देशांत मुलें व मुली कमरेस पट्टा बांधून ती विद्या शिकत आहेत. हा दुर्बळ मुलगा बलवानांचा गुरु कसा झाला? आमच्या मतें या प्रश्नाचें उत्तर त्याच्या एका लहानशा संवयींत आहे. कोणतीही गोष्ट घडली म्हणजे ती कां घडली, हें शोधून काढल्यावांचून त्याला चैन पडत नसे.

जिगोरो कानो यांचा जन्म १८६० सालीं जपानांतील कोबे शहराजवळच्या मिकागे या समुद्रकांठच्या गांवीं झाला. साके नांवाच्या तांदुळाच्या मद्याबद्दल त्या भागाची ख्याति होती, व कानो घराण्याचा तोच पिढीजात धंदा होता. वडील जिरोसाकु मात्र त्या धंद्यांत न गुंततां जलवाहतूक व सरकारी कामकाज यांकडे वळले. घरांत विद्येची चाड होती. लहानग्या जिगोरोस चिनी ग्रंथ व सुंदर लेखन शिकविण्याकरितां गुरु ठेविलेले होते. तो नऊ वर्षांचा असतांना त्याची आई वारली. पुढें वडिलांनीं त्याला राजधानींत, टोकियो येथें, आपल्याजवळ नेलें. जपानच्या इतिहासांत तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. १८६८ सालीं शोगुनांची सत्ता संपून सम्राट मेइजी यांची राजवट सुरू झाली होती. आगगाडी, तारायंत्र, परकीय भाषा व परकीय शास्त्रें यांचा देशांत लोंढा येत होता, आणि जुनें तें सर्व टाकाऊ अशी एक समजूत बळावत होती.

अशा काळांत वयाच्या चवदाव्या वर्षाच्या सुमारास जिगोरो एका खाजगी शाळेच्या वसतिगृहांत राहावयास गेला. तेथें इंग्रजी व जर्मन या भाषांतून शिक्षण मिळत असे. अभ्यासांत तो हुशार होता. पण वसतिगृहांत नुसत्या हुशारीला कोण विचारतो? थोराड मुलें त्याची हेटाळणी करीत, त्याला धक्काबुक्की करीत, आणि अंगांत बळ नसल्यामुळें तें सर्व त्याला मुकाट्यानें सोसावें लागे. आमच्या वाचकांपैकीं कांहींना हा अनुभव परका वाटणार नाहीं. त्रास सोसणाऱ्या मुलापुढें बहुधा दोनच वाटा दिसतात: एक कुढत बसण्याची व दुसरी आपल्याहून दुबळ्यावर राग काढण्याची. जिगोरोनें तिसरी वाट शोधली. दुर्बळ मनुष्यासही बलवानास पाडतां येईल अशी ज्युजुत्सु नांवाची एक जुनी विद्या आपल्या देशांत आहे, हें त्याच्या कानावर आलें होतें. ती शिकावयाची असें त्यानें मनाशीं ठरविलें.

ठरविणें सोपें होतें, पण गुरु मिळणें कठीण होतें. ज्युजुत्सु ही सामुराई योद्ध्यांची निःशस्त्र झुंजण्याची कला. १८७६ सालीं सामुराईंना तलवार बाळगण्याची मनाई झाली, त्यांचा मान व त्यांचें वेतन गेलें, आणि त्यांच्या विद्याही मागें पडल्या. आतां या जुन्यापुराण्या विद्येचा काय उपयोग, असें म्हणून वडिलांच्या घरीं येणारे जाणकारही त्याला शिकविण्यास तयार होईनात. वडिलांनाही हा नाद पसंत नव्हता. पुढें १८७७ सालीं जिगोरो टोकियोच्या विद्यापीठांत दाखल झाला, आणि त्यानें एक युक्ति काढली. ज्युजुत्सुचे पुष्कळ जुने उस्ताद पोटासाठीं निखळलेलीं हाडें बसविण्याचा धंदा करीत, हें त्याला समजलें होतें. तेव्हां रस्त्यांत हाडवैद्याची पाटी दिसली कीं आंत शिरून ज्युजुत्सु येतें काय म्हणून चौकशी करण्याचा त्यानें क्रमच ठेविला. अखेरीस अशाच एका वृद्ध हाडवैद्यानें त्याला फुकुदा हाचिनोसुके या गुरूंकडे पाठविलें.

फुकुदांची तालीम म्हणजे एक बेताची खोली होती व शिष्यही मोजकेच होते. तेथें जिगोरो रोज जाऊं लागला. आपटून आपटून त्याचें अंग सोलवटून निघे. मलम चोपडून तो पुन्हा दुसऱ्या दिवशीं हजर होई. त्या वेळची एक गोष्ट पुढें कानो स्वतः सांगत असत. एके दिवशीं गुरूंनीं त्याला एका डावानें पाडलें. या डावांत हात कोठें धरावा, पाय कसा टाकावा, असें त्यानें विचारलें. गुरूंनीं उत्तर न देतां त्याला पुन्हा जवळ बोलाविलें व पुन्हा आपटलें. त्यानें पुन्हा विचारलें, गुरूंनीं पुन्हा आपटलें. असें कित्येकदां झालें. वारंवार आपटी खाल्ल्यानें डाव आपोआप अंगीं मुरतो, नुसतें विचारून तो येत नाहीं, असें गुरूंचें मत होतें. यांत गुरूंची चूक होती असें आम्ही म्हणत नाहीं. हातापायांची विद्या हातापायांनींच शिकावी लागते, हें खरें आहे. आणि ठराविक पवित्र्यांपेक्षां मोकळ्या झुंजीवर फुकुदांचा जो भर असे, तो कानोंनीं पुढें जन्मभर आपलासा केला. पण आपटी खातांनाही त्याच्या मनांतला प्रश्न मात्र मेला नाहीं. मी पडलों तो कां पडलों, हा विचार तो घरीं जातांनाही करीतच राही.

त्या तालमींत फुकुशिमा कानेकिची नांवाचा एक जुना शिष्य होता. तो देहानें धिप्पाड व ताकदवान असल्यामुळें जिगोरोचे सर्व डाव त्याच्यापुढें फसत. ओढावें तर तो हलत नसे, आणि ढकलावें तर आपणच मागें जावें, अशी स्थिति होई. जिगोरोनें प्रथम सुमो या जपानी कुस्तींतील डाव शिकून पाहिले. त्यांनीं काम भागलें नाहीं. मग तो ग्रंथालयांत गेला व पाश्चात्य कुस्तीवरील एक पुस्तक त्यानें चाळलें. त्यांत प्रतिस्पर्ध्याला दोन्ही खांद्यांवर आडवा उचलून टाकण्याचा एक डाव त्याला दिसला. त्या डावावर त्यानें आपल्या परीनें विचार केला, मित्रांबरोबर सराव केला, आणि एके दिवशीं त्या धिप्पाड फुकुशिमाला खांद्यांवर घेऊन पाडलें. पुढें ज्युदोंत हाच डाव कातागुरुमा, म्हणजे खांद्यावरील चक्र, या नांवानें प्रसिद्ध झाला.

वाचकांनीं येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. फुकुशिमाचें वजन त्या दिवशीं कमी झालें नव्हतें कीं जिगोरोचें बळ दुप्पट झालें नव्हतें. बदल झाला होता तो पद्धतींत. पूर्वीं तो हातांच्या जोरावर फुकुशिमाला ओढीत होता. आतां तो त्याला पुढें झुकवून त्याच्या पोटाखालीं शिरला, आणि उचलण्याचें काम त्यानें हातांवर न सोंपवितां मांड्या व पाठ यांवर सोंपविलें. हमाल पोतें हातांत न धरतां पाठीवर घेतो, त्यांतलें मर्म हेंच आहे.

१८७९ सालीं अमेरिकेचे माजी अध्यक्ष ग्रँट हे जपानच्या भेटीस आले असतां त्यांच्यापुढें ज्युजुत्सुचे प्रयोग झाले. त्यांत फुकुदांबरोबर तरुण कानोही होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत फुकुदा वारले. कानो मग इसो मासातोमो या वृद्ध गुरूंकडे गेले. इसोंच्याजवळ ठराविक पवित्र्यांचें शुद्ध शिक्षण होतें. १८८१ सालीं तेही वारले, व त्याच वर्षीं कानो विद्यापीठाचे पदवीधर झाले. तिसरे गुरु त्यांना मिळाले ते कितो संप्रदायाचे इइकुबो त्सुनेतोशी. या संप्रदायांत फेकण्याच्या डावांना मोठें महत्त्व होतें. पन्नाशीच्या घरांत असलेले इइकुबो कानोंना सहज फेकून देत, आणि कानोंना त्याचें मोठें नवल वाटे.

१८८२ सालीं कानो गाकुशुइन या सरदारपुत्रांच्या विद्यालयांत शिक्षक झाले, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत त्यांनीं टोकियोंतील एइशोजी नांवाच्या बौद्ध मंदिरांत आपली स्वतःची शाळा काढली. तिचें नांव कोदोकान, म्हणजे मार्ग शिकण्याचें स्थान. जागा अवघ्या १२ चटयांची होती. जपानी चटई सुमारें ६ फूट लांब व ३ फूट रुंद असते, यावरून त्या जागेची कल्पना येईल. पहिल्या वर्षीं शिष्य होते ९. हीं मुलें आदळूं लागलीं कीं मंदिराची तक्तपोशी हादरे आणि मृतांच्या नांवाच्या पवित्र पाट्या धडाधड खालीं पडत. तक्तपोशी मोडली म्हणजे कानो स्वतः दिवा घेऊन खालीं शिरत व फळ्यांना टेकू देत. आपल्या विद्येला त्यांनीं ज्युजुत्सु न म्हणतां ज्युदो म्हटलें. ज्यु म्हणजे मृदु, जुत्सु म्हणजे कसब, आणि दो म्हणजे मार्ग. नुसतें झुंजण्याचें कसब शिकवावयाचें नसून जगण्याचा मार्ग शिकवावयाचा आहे, हें त्या एका अक्षराच्या बदलांतून त्यांना सुचवावयाचें होतें. १८८३ सालीं त्यांनीं आपल्या दोन शिष्यांना पहिली पदवी दिली. ज्युदोंतील श्रेणींची परंपरा तेथून सुरू झाली.

या शाळेंत इइकुबो गुरु शिकविण्यास येत असत. एके दिवशीं नेहमींप्रमाणें कानोंची व त्यांची मोकळी झुंज चालली असतां अघटित घडलें. ज्या गुरूंना कानोंनीं कधींच हलविलें नव्हतें, त्यांना त्यांनीं एकदां नव्हे तर अनेकदां फेकलें, आणि गुरूंचा मात्र एकही डाव लागला नाहीं. गुरूंनीं चकित होऊन याचें कारण विचारलें. आपण काय केलें हें कानोंना नेमकें ठाऊक होतें. मनुष्य तोल सांभाळून सरळ उभा असतां त्याला फेकूं पाहणें व्यर्थ आहे. प्रथम त्याचा तोल मोडावयाचा, आणि मग डाव लावावयाचा, हें त्यांनीं अनेक दिवसांच्या विचारानें शोधून काढलें होतें. तें ऐकून, आतां आपल्याजवळ तुला फेकण्याविषयीं शिकविण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, असें त्या थोर मनाच्या गुरूंनीं सांगितलें. शिष्यापुढें असें बोलणाऱ्या गुरूचें मनही केवढें मोठें असलें पाहिजे! कितो संप्रदायाची परवानगी व त्यांचे हस्तलिखित ग्रंथही त्यांनीं कानोंच्या स्वाधीन केले.

हा शोध दिसावयास साधा आहे, पण ज्युदोची सारी इमारत त्यावर उभी आहे. कानोंनीं प्रत्येक फेकीचे तीन भाग पाडले. पहिला भाग कुझुशी, म्हणजे तोल मोडणें. दुसरा त्सुकुरी, म्हणजे आपलें शरीर योग्य जागीं बसविणें. आणि तिसरा काके, म्हणजे प्रत्यक्ष फेकणें. मनुष्याचा तोल पुढें, मागें, दोन्ही बाजूंस व चार कोपऱ्यांत असा आठ दिशांना मोडतां येतो, हेंही त्यांनीं मांडून दाखविलें. ते हिशेबाचा एक दाखला देत. समजा, प्रतिस्पर्ध्याचें बळ १० आहे व आपलें ७ आहे. तो आपल्या सर्व बळानें ढकलीत असतां आपणही उलट ढकललें तर आपण हरणार. पण तो ढकलीत असतां आपण तितकेंच मागें सरलों, तर तो स्वतःच्याच जोरानें पुढें कोलमडतो. त्या क्षणीं त्याचें बळ १० चें ३ होतें व आपलें ७ तसेंच शिल्लक राहतें. मृदु या शब्दाचा अर्थ लेचापेचा असा नाहीं. योग्य क्षणीं नमतें घेऊन बळ राखून ठेवणारा, असा आहे.

खांद्यावरून फेकण्याचा सेओइनागे हा डाव घेऊन हे तीन भाग स्पष्ट करूं. आपल्या तालमींत ज्याला धोबीपछाड म्हणतात, त्याच्याशीं या डावाचें जवळचें साम्य आहे. प्रतिस्पर्धी समोर उभा आहे. आपल्या डाव्या हातांत त्याची उजवी बाही व उजव्या हातांत त्याच्या अंगरख्याची छातीवरची कड आहे. प्रथम दोन्ही हातांनीं त्याला पुढें व किंचित् वर असें ओढावयाचें, म्हणजे त्याच्या टांचा उचलतात व सर्व भार पायांच्या बोटांवर येतो. हा झाला पहिला भाग. मग उजवें पाऊल त्याच्या उजव्या पावलापुढें टाकून गर्रकन वळावयाचें, डावें पाऊल मागें घेऊन त्याच्याकडे पाठ करावयाची, गुडघे वांकवून आपली कंबर त्याच्या कमरेखालीं न्यावयाची, आणि आपला उजवा कोपर त्याच्या कांखेखालीं बसवावयाचा. हा दुसरा भाग. शेवटीं गुडघे सरळ करीत, डाव्या हाताची ओढ न सोडतां, पुढें वांकावयाचें. तो मनुष्य आपल्या खांद्यावरून जाऊन पाठीवर पडतो. हा तिसरा भाग.

नवशिक्याचा हा डाव बहुधा फसतो, आणि जो तो आपल्या अशक्तपणास दोष देतो. खरी कारणें निराळींच असतात. पुष्कळ जण तोल मोडण्याआधींच वळतात. मग प्रतिस्पर्धी टांचांवर घट्ट उभा राहून त्यांनाच मागें खेंचतो. कित्येक जण गुडघे न वांकवितां कमरेंतून वांकतात, आणि सारा भार कमरेवर येऊन डाव तेथेंच थांबतो. कांहींची पाठ व प्रतिस्पर्ध्याची छाती यांत वीतभर पोकळी राहते. मग त्याचा भार पाठीवर न येतां हातांना लोंबकळतो. आणखी कांहीं जण वळतांना बाही धरलेला हात विसरतात. ओढ तुटली कीं मोडलेला तोल पुन्हा सांवरतो. हे दोष घालविण्याचा मार्ग जोर वाढविणें हा नव्हे. डाव सावकाश करावा. प्रत्येक भाग वेगळा घोटावा. न फेकतां केवळ ओढून, वळून, खालीं बसण्याचा सराव शेंकडों वेळां करावा. उंच व ठेंगण्या अशा दोन्ही सोबत्यांबरोबर तो करावा. कानोंनीं फेकींचे जे आदर्श पाठ बसविले, त्यांतील पंधरा डावांत सेओइनागे व कातागुरुमा हे दोन्ही आहेत, आणि त्यांतील प्रत्येक डाव उजवीकडून व डावीकडून असा दोन्ही बाजूंनीं करावयाचा असतो. पुढें १९२० सालीं फेकीचे ४० डाव पांच गटांत ठरविण्यांत आले, तेव्हांही सेओइनागेला पहिल्याच गटांत स्थान मिळालें.

फेकणें शिकविण्याबरोबर पडणेंही शिकविलें पाहिजे, असा कानोंचा कटाक्ष होता. हनुवटी छातीशीं आंवळून धरावी, हातानें चटईवर थाप मारावी, म्हणजे आपटीचा जोर विभागला जातो व डोक्यास इजा होत नाहीं. त्याचप्रमाणें फेकणाऱ्यानेंही बाही शेवटपर्यंत सोडूं नये, म्हणजे सोबती वेडावांकडा पडत नाहीं. जुन्या ज्युजुत्सुंतील जे डाव अवयव मोडणारे होते, ते त्यांनीं मोकळ्या झुंजींतून वगळले. सोबती मोडला तर उद्यां आपण कोणाबरोबर शिकणार, हा त्यांतला साधा व्यवहार. आणि शिकणें हें दोघांनीं मिळून करावयाचें काम आहे, हें त्यांतलें तत्त्व. १८८९ ते १८९१ या काळांत कानो शिक्षणपद्धतींच्या अभ्यासासाठीं युरोपांत हिंडले. परतीच्या प्रवासांत जहाजावर एका धिप्पाड रशियन अधिकाऱ्यानें त्यांना झोंबी घेण्यास आव्हान दिलें, अशी गोष्ट सांगतात. कानोंनीं त्याला कंबर व पाठ यांवरून फेकलें. पण तो डोक्यावर आदळणार असें दिसतांच त्यांनीं त्याला हातानें सांवरून पायांवर उतरविलें. पाहणाऱ्यांनीं त्या फेकीपेक्षांही त्या सांवरण्याचें अधिक कौतुक केलें.

ज्युदोच्या कीर्तीमुळें कानो मूळचे शिक्षक होते, हें पुष्कळांच्या लक्षांत राहत नाहीं. १८९१ सालीं ते कुमामोतो येथील उच्च विद्यालयाचे मुख्य झाले. प्रसिद्ध लेखक लाफ्काडिओ हर्न हे त्या वेळीं तेथें इंग्रजीचे शिक्षक होते, व ज्युजुत्सुवर त्यांनीं लिहिलेल्या निबंधानें पाश्चात्यांना या विद्येची ओळख झाली. १८९३ सालीं कानोंकडे टोकियोच्या उच्च शिक्षक-विद्यालयाची सूत्रें आलीं, आणि मध्यंतरीं खंड पडूनही १९२० पर्यंत तीं त्यांच्याकडे राहिलीं. जपानांतील हजारों शाळांना शिक्षक पुरविणारी ती संस्था. तेथें त्यांनीं पोहणें, धांवणें व खेळ यांना पुस्तकांच्या जोडीनें बसविलें. चीनमधून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं त्यांनीं एक निराळी शाळा काढली. आधुनिक चिनी वाङ्मयाचे अग्रणी लू शून हे १९०२ सालीं जपानांत आल्यावर त्याच शाळेंत शिकले.

मुलींना ही विद्या शिकविण्याचें धाडसही त्यांनीं फार आधीं केलें. १८९३ सालापासून ते कांहीं स्त्रियांना शिकवूं लागले, व १९२६ सालीं कोदोकानांत स्त्रियांचा स्वतंत्र विभाग निघाला. त्या विभागांत १९३५ सालीं केइको फुकुदा नांवाची तरुणी दाखल झाली. ती कानोंच्या पहिल्या गुरूंची, हाचिनोसुके फुकुदांची, नात. वृद्ध कानोंनीं तिला स्वतः बोलावून घेतलें होतें. गुरुऋण फेडण्याची ही केवढी सुंदर रीत! अंगलटीनें तीही कानोंसारखीच लहानखोर होती. पुढें ती अमेरिकेंत स्थायिक झाली, जन्मभर ज्युदो शिकवीत राहिली, आणि २०११ सालीं अमेरिकेंतील ज्युदो संघटनेनें तिला दहावी, म्हणजे सर्वोच्च, श्रेणी दिली. २०१३ सालीं वयाच्या ९९ व्या वर्षीं ती वारली.

१९०९ सालीं कानो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद झाले. हा मान मिळालेले ते आशियांतील पहिलेच गृहस्थ. १९१२ सालीं स्टॉकहोमच्या सामन्यांस त्यांनीं दोन जपानी खेळाडू नेले. त्यांपैकीं कानाकुरी हा त्यांच्याच विद्यालयाचा विद्यार्थी. लांब पल्ल्याच्या शर्यतींत उन्हानें व्याकूळ होऊन त्याला मध्येंच थांबावें लागलें. पण पडणें हा शिकण्याचा भाग आहे असें मानणाऱ्या आचार्याचा तो शिष्य होता. १९२० व १९२४ च्या ऑलिंपिकांतही तो पुन्हा धांवला.

१९२२ सालीं कानोंनीं आपल्या शिकवणुकीचें सार दोन सूत्रांत सांगितलें. आपल्या शक्तीचा उत्तमांत उत्तम उपयोग करावा, हें पहिलें. आपलें व दुसऱ्याचें कल्याण एकत्र साधावें, हें दुसरें. पहिलें सूत्र फुकुशिमाला उचलतांना सांपडलेलें आहे आणि दुसरें सोबत्याची बाही न सोडणाऱ्या हातांत आहे. आपल्या देशालाही या विद्येचा स्पर्श त्यांच्या हयातींतच झाला. रवींद्रनाथ ठाकुरांच्या इच्छेवरून १९२९ सालीं कोदोकानचे शिक्षक शिंझो ताकागाकी हे शांतिनिकेतनांत ज्युदो शिकविण्यास आले.

उतारवयांत टोकियोस ऑलिंपिक सामने भरावे, हा एकच ध्यास त्यांनीं घेतला होता. १९३६ सालीं तो मान १९४० सालासाठीं टोकियोस मिळाला. पण दुसऱ्याच वर्षीं जपानचें चीनशीं युद्ध भडकलें. ७७ वर्षांचे कानो १९३८ सालीं कैरो येथील सभेस गेले व अमेरिकेच्या मार्गानें परत निघाले. पॅसिफिक महासागरांत हिकावा मारु या जहाजावर त्यांना न्युमोनिया झाला, आणि मायदेश दोन दिवसांच्या अंतरावर असतांना ता. ४ मे १९३८ रोजीं त्यांनीं देह ठेविला. तें जहाज योकोहामा बंदरांत आजही जतन करून ठेविलेलें आहे. त्यांच्या पश्चात् तीन महिन्यांच्या आंतच जपाननें ते सामने परत केले. महायुद्धानंतर जपानी शाळांतून ज्युदो शिकविण्यास बंदी झाली; ती १९५० सालीं उठली.

आचार्यांचें स्वप्न १९६४ सालीं सफल झालें. टोकियोच्या ऑलिंपिकांत ज्युदोचा प्रथमच समावेश झाला. खुल्या गटाच्या अंतिम सामन्यांत हॉलंडच्या साडेसहा फूट उंचीच्या आन्तोन गेसिंकनें जपानच्या कामिनागाला जिंकलें. सारें सभागृह सुन्न झालें. गेसिंकचे देशबंधु आनंदानें चटईवर धांवून येऊं लागले. पण त्यानें हात उंच करून त्यांना दूरच थांबविलें आणि प्रतिस्पर्ध्याचा मान राखला. जपान त्या दिवशीं हरला असेल, पण कानोंची शिकवण मात्र जिंकली, असें आम्हांस वाटतें. १९९२ सालीं बार्सिलोना येथें स्त्रियांचें ज्युदोही ऑलिंपिकांत रीतसर आलें.

या चरित्रापासून आमच्या बालवाचकांनीं काय घ्यावें? सर्वच जण ज्युदो शिकतील असें नाहीं. पण गणित चुकतें, निबंध साधत नाहीं, चेंडू यष्टीवर बसत नाहीं, असा प्रसंग सर्वांवर येतो. अशा वेळीं आपण मठ्ठ आहों किंवा दुबळे आहों, असें म्हणून खचणें सोपें असतें. आणि तेंच चुकीच्या रीतीनें शंभर वेळां करीत राहणेंही सोपें असतें. कानोंचा मार्ग याहून निराळा आहे. आपण कोठें घसरलों तें पाहावें, त्या कामाचे भाग पाडावे, जो भाग कच्चा असेल तो एकटा घोटावा, आणि मग पुन्हा उभें राहावें. पालकांसही आमची एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी एखादी गोष्ट कां म्हणून विचारूं लागली, तर तिला उद्धट समजूं नये. फुकुदांच्या तालमींतील एका काटकुळ्या मुलानें हाच प्रश्न वारंवार विचारला, आपटी खाऊनही तो सोडला नाहीं, आणि त्याच प्रश्नांतून ज्युदोचा जन्म झाला.